खर्ज बोलला, तर जोड रुसला

काल रात्री साडेअकराला माझ्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची जाड तार, बोलला. आधी सा, मग त्याच्या पोटातून पंचम, आणि सगळं विरत आलं असं वाटतंय तोवर वर तरंगत आलेला गंधार. पाच आठवडे याचीच वाट बघत होतो. आनंदाच्या भरात चारी तारा ओळीने छेडल्या आणि कळलं की जोडाच्या, म्हणजे मधल्या सा च्या, दोन्ही तारा मुक्या झाल्यात. म्हणजे आजचं अपडेट अर्धं पेढ्यांचं, अर्धं शिव्यांचं.

मागचं तुम्हाला आठवत असेलच. मिरजेचा जुना जेंट्स तंबोरा, पट्टी काळी एक (सी शार्प), हाडाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती), आणि जवारी, म्हणजे तार झणकारावी असं घोडीच्या माथ्याचं वळण, मीच काढणार हा हट्ट. पंचमाची तार आणि जोड मागच्या खेपेला लागले होते. अडला होता तो खर्ज. छेडला की पत्र्याच्या डब्यावर नख मारल्यासारखा आवाज यायचा आणि लगेच सगळं गप्प. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा पुढे सारला तर चर्रर्र, मागे सारला तर ठोंब्या. या दोन्हींच्या मध्ये केसभर जागा असते ना, जिथे तार एकदम उमलते, ती जागा सापडतच नव्हती.

आधी सगळ्यांनी करावं तेच केलं. तार बदलली. नवी पितळी तार, तीच गत. दोरा बदलला. रेशमी दोरा मला मुळात आवडत नाही, तारेखाली घसरतो आणि आवाजाला उगाच काचेची धार आणतो. गोधडी शिवायचा सुती दोरा, दोन पदरी पीळ घालून, यापुढे कुणी काही सांगू नये. पण त्यानेही खर्ज हलला नाही. मग कानस हातात घेतली आणि तिथेच चुकलो. एक आठवडा घोडीचा माथा घासला, मग पॉलिश पेपर, ८०० चा, १२०० चा, २००० चा. तार चढव, सूर लाव, दोरा सरकव, ऐक, कपाळावर हात मार, तार उतरव. असं पाच वेळा. घरभर दातांच्या दवाखान्यात येतो तसला हाडाच्या भुकटीचा वास. घरच्यांनी शेवटी गॅलरीत हाकललं.

पाचव्या फेरीनंतर मात्र घासणं बंद केलं आणि ठरवलं की आधी नेमकं काय होत नाहीये ते बघायचं. कानावर माझा भरवसा आहे, पण रात्री अकरानंतरच्या कानावर नाही.

इथे सी. व्ही. रामन कामी आले. आपल्या तंतुवाद्यांवर त्यांचा १९२१ चा एक छोटा निबंध आहे. सरळ कडेवर टेकलेली तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा असे सम स्वनक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट, सहापट कंपनांचे सूर) उठायला नकोत, कारण त्यांचा स्थिर बिंदू नेमका तिथेच पडतो. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र ते उठतात. तार घोडीच्या वळणावर पुन्हा पुन्हा टेकते-सुटते आणि जे छेडण्यात नव्हतं ते आवाजात आणते. रामनना त्यात पदार्थविज्ञान दिसलं, मला त्यात जवारीची चाचणी दिसली.

अटीपासून (दांडीच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) घोडीपर्यंत माझी तार ९६ सें.मी. भरते. ४८ वर दांडीला खडूची खूण केली. बाकीच्या तिन्ही तारांमधून फडकं गुंतवून त्या गप्प केल्या (हे विसरू नका, नाहीतर जोड आपणहून गुणगुणतो आणि तुम्ही खर्जाला फुकटचे मार्क देता). फोन भोपळ्याजवळ ठेवला, खर्ज मध्यावर छेडला, रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे त्याचा आलेख, बघितला. काळी एकचा खर्ज म्हणजे ६९.३ हर्ट्‌झ. तो होता. तिप्पट, २०८ च्या आसपास, म्हणजे पंचम, तोही होता. १३९ आणि २७७ च्या जागी नुसते खड्डे. मग पंचमाची तार मध्यावर छेडली. तिथे सम स्वनक ठणठणीत उभे! खर्जाला जवारी लागलेलीच नाही हे कागदावर आलं. कान खोटं बोलत नव्हता याचंच मला आधी बरं वाटलं.

मग अदलाबदल. खर्जाची तार जोडाच्या जागेवर, जोडाची एक तार खर्जाच्या जागेवर. खर्जाची तार तिथे गेल्या गेल्या गायला लागली, आणि जोडाची बिचारी खर्जाच्या घरात जाऊन घुसमटली. तार निर्दोष, दोरा निर्दोष. दोष जागेचा. मी काय केलं असेन? पुन्हा त्या जागेचा माथा घासला. सहावी फेरी. हसा.

शेवटी मिरजेला तंबोऱ्याचे कारागीर चाचा, त्यांना फोन लावला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा अभिनंदनाला म्हणून फोन केला होता, तेव्हापासूनची ओळख. "फोन भोपळ्याजवळ धर," म्हणाले. मी तीनदा खर्ज छेडला. पलीकडून एक मोठा उसासा.

"किती दिवस घासतोयस?"

"महिना झाला, चाचा."

"घोडीच्या डोक्यावर बसलायस व्हय. पायाकडं बघ की जरा."

मी जरा दुखावलोच, कारण पाय मी बघितले होते. तारा उतरवून घोडी तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) ठेवली होती, बोटाने डुलवून बघितली होती, डुलत नव्हती. "तारा चढवून बघ," म्हणाले आणि फोन ठेवला.

तारा सुरात चढवल्या, पातळ कागदाची पट्टी घेतली आणि घोडीच्या पायांखाली चारी बाजूंनी सारून बघितली. पंचमाच्या बाजूला कागद शिरेना. खर्जाच्या बाजूला, बाहेरच्या कडेने, सुळकन आत! ताण आला की तबली तिथे कणभर दबते आणि पायाचा बाहेरचा भाग अधांतरी राहतो. इतक्या वर्षांच्या ताणाने लाकूड बसलंय, दुसरं काय. खर्जासारखी जड तार ज्या पायावर जोर टाकणार, तो पायच लटकता. माथ्यावर मी ताजमहाल कोरला असता तरी तार गप्पच राहिली असती.

यानंतरचं काम मला मनापासून आवडलं. कार्बन पेपर आठवतो ना? घोडीखाली, शाई वरच्या अंगाला करून घातला, तारा निम्म्या ताणल्या, घोडी किंचित मागेपुढे केली, काढली आणि उलटी करून बघितली. पंचमाच्या बाजूचा पाय सगळा निळा. खर्जाच्या बाजूचा पाय कोरा, फक्त आतल्या कडेला मसुरीच्या डाळीएवढा एक ठिपका. एवढ्याशा ठिपक्यावर तो पाय उभा होता. महिनाभर!

मग २२० चा पॉलिश पेपर तबलीवर घोडीच्याच जागी, खरखरीत बाजू वर करून, चिकटपट्टीने बसवला आणि घोडी त्यावर आखूड हाताने घासली. तबलीचा जो बाक आहे तोच पायाला मिळतो, ही त्यातली गंमत. दहा हात घास, कार्बन लाव, बघ. ठिपका मसुरीचा हरभरा झाला, हरभऱ्याचा पावटा झाला, आणि चौथ्या खेपेला अख्खा पाय निळा. घोडी बसवली, तारा चढवल्या, दोरा घातला. दोरा घालताच कळलं. तार उमलली ते बोटालाच आधी जाणवलं, कानाला नंतर.

मध्यावरची चाचणी पुन्हा केली. १३९ हजर, २७७ हजर. आणि ३४६ ला, खर्जाच्या पाचपटीला, गंधार, सुळक्यासारखा. ट्यूनर ॲप या गंधाराला १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला म्हणतं. म्हणू दे. पाचपट म्हणजे पाचपट. पेटीच्या पट्टीने तंबोरा मोजणाऱ्या ॲपवर माझा आधीच राग आहे. खर्ज छेडला तर ते कधी 'जी शार्प' दाखवतं, कधी 'एफ', मूळ स्वर सोडून सगळं.

आणि मग जोड.

जोड बेसूर नव्हता. सूर बारीक जुळवायचे मणी हलवून दोन्ही तारा एकजीव केल्या होत्या. पण आवाज कसा, तर गिटारसारखा. स्वच्छ, कोरडा, सरळ. झणकार नाही, रेंगाळणारी आस नाही. आणि दोरा कुठेही सरकवा, पुढे, मागे, काढूनच टाका, तसूभर फरक नाही. आधी वाटलं घोडीची उंची उतरली म्हणून. कॅलिपरने मोजलं तर जेमतेम अर्धा मिलिमीटर गेलाय. ९६ सें.मी. तारेला अर्ध्या मिलिमीटरने कोन बदलून बदलणार किती? नगण्य. तेव्हा ते कारण बाद.

मग नवीन घोडीच मागवावी असं ठरवून टाकलं होतं, शिसवी, आणि माथा पहिल्यापासून. (तयार घोडीचा माझा अनुभव वाईट आहे. एका विक्रेत्याने हाड म्हणून पाठवलेल्या घोडीला गरम सुई टेकवली, तर जळक्या केसांऐवजी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. प्लॅस्टिकची वाईटच असते असं नाही, टिकते खूप, आवाज जरा टोकदार येतो. पण मग हाड म्हणून विकू नका ना.)

इथपर्यंत आज सकाळी लिहिलं होतं आणि खाली "पुढचा बेत: नवी घोडी" असं लिहायला घेतलं, तेवढ्यात डोक्यात आलं: दोरा कुठेही सरकवला तरी फरक पडत नाही, याचा अर्थ तार माथ्याच्या पुढच्या कडेवरच टेकतेय. वळणावर ती झोपतच नाहीये. आणि पुढची कडा वर कधी येईल? घोडी मागे कलली तर. उंची नाही, कल! पायाची रुंदी तीन सेंटिमीटरसुद्धा नाही, तिथे मागच्या कडेचं सुतभर जास्त गेलं की माथ्याचा सगळा उतार बदलला. घासताना माझा जोर ओढण्यावर असतो, म्हणजे मागची कडाच जास्त खाल्ली गेली असणार. खर्ज तरीही बोलला, कारण त्याची पुढची कडा मी सहा फेऱ्यांत आधीच घासून खाली नेलेली. एका चुकीने दुसरी चूक झाकली.

लिखाण तिथेच टाकून उठलो. पाकिटात एसटीचं जुनं तिकीट होतं. त्याच्या दोन बारीक पट्ट्या कापल्या, तारा सैल करून दोन्ही पायांच्या मागच्या कडेखाली सारल्या, पुन्हा सूर लावला. जोड झणाणला! दोन्ही तारा, दोरा घालताच. खर्ज जरा मिटला, पण दोरा तांदळाच्या दाण्याएवढा मागे घेतल्यावर परत आला. गंधार पूर्वीपेक्षा किंचित उशिरा येतो आणि एकूण आवाजावर धुकं आहे. कागद मऊ, तो आवाज पितो, हे उघड आहे. पण निदान पक्कं झालं.

तेव्हा नव्या घोडीचा बेत रद्द. तिकिटाच्या जागी कडक लाकडाची पातळ पट्टी बसवणार, विनिअरची, एका कडेला निमुळती घासून, आणि सरसाने चिकटवणार. फेव्हिकॉल नको, सरस वाफेने पुन्हा सुटतो आणि माझा इतिहास बघता ती सोय हवी. मग पुन्हा कार्बन. माथ्याला हात लावणार नाही, कानस शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलीय.

किरकोळ: खर्जाची खुंटी सरकायची, ती खडू चोळल्यावर थांबली. पावसाळ्यात फुगून घट्ट होईल तेव्हा खडू पुसायला विसरू नये, ही नोंद माझ्यासाठी. आणि चाचांना आजचं रेकॉर्डिंग पाठवलं, धुक्यासकट. त्यांचं उत्तर आलंय: "तिकीट कुठलं?"