सागाची वर्तुळं आणि टी. रेक्स

आज किनवटला आरा मशीनवर गेलो होतो, घराच्या चौकटीसाठी सागवान बघायला. सोबत तिसरीतला पुतण्या. ओंडका कापला तसा तो भुशातच गुडघे टेकून बसला, थुंकी लावलेल्या बोटानं वर्तुळं मोजायला लागला. एकविसाव्याला अडकला. "काका, डायनासोरचं वय कसं कळतं वो?"

असंच रे बाळा! टी. रेक्स नावाच्या डायनासोरच्या हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की रेघा दिसतात. वर्षातून एकदा वाढ थांबायची, तिथं रेघ. अमेरिकेत १९९० साली सापडलेली 'सू' नावाची टी. रेक्स अशीच अठ्ठावीस वर्षांची निघाली. रेघांमधलं अंतर तर त्याहून भारी. २००४ च्या एका अभ्यासानुसार चौदा ते अठरा या वयात हे जनावर दिवसाला सुमारे दोन किलोनं वाढत होतं. रोज दोन किलो! तेवढं मांस अंगावर चढवायला किती शिकार लागत असेल, या विचारानं मी दिवसभर थक्क आहे.

मात्र हाड आतून पोखरत जातं, लहानपणच्या रेघा पुसल्या जातात. त्या वर्षांचा अंदाजच बांधावा लागतो.

हे सांगितलं तर पोरगं हळूच म्हणालं, "म्हणजे त्याचं लहानपण हरवलं?"

चौकटीचं माप द्यायचं राहूनच गेलं. उद्या परत जायचंय, त्यालाही यायचंय.