दोन दिवस कुठे जाऊ असं विचारलंत तर मी वेळासच सांगणार

लाँग वीकेंड जवळ आला की माझ्या फोनवर ठरलेला मेसेज येतो. "अगं तू एवढी फिरतेस, एखादी भारी जागा सुचव ना, गर्दी नको, रूम स्वच्छ हवी, जेवण चांगलं हवं आणि फार लांब पण नको." म्हणजे थोडक्यात स्वर्ग हवा, तो पण पुण्यापासून चार तासांवर आणि पार्किंगसकट.

आधी मी उत्साहाने लांबलचक उत्तरं द्यायचे. आता नाही देत. कास तर मी कुणालाच सांगत नाही. फुलं खोटी नाहीत हो, पण आम्ही सप्टेंबरातल्या एका रविवारी गेलो, ऑनलाइन बुकिंग करून गेलो तरी दीड तास गाडीत बसून पुढच्या इनोव्हाचा नंबर पाठ केला, आणि वर पोचल्यावर पुढे चालणाऱ्या बाईच्या ओढणीच्या आजूबाजूला जेवढा तेरडा दिसला तेवढा पाहिला. परत येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले, ते मात्र मस्त होते. भंडारदऱ्याचे काजवे सांगते, पण जीव मुठीत धरून. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धड सुरू व्हायच्या आधी, सादड्याचं एक अख्खं झाड एका लयीत लुकलुकताना बघितलंय मी, श्वास घ्यायला विसरले होते, आणि तेवढ्यात मागून एकाने फुल हेडलाइट मारून गाडी वळवली. झाड विझलं. अक्षरशः विझलं. त्या माणसाला अजून माझे शाप लागत असतील.

हंपी सांगते, पण चार दिवस असतील तरच, आणि मे महिन्यात जाऊन आल्यावर मला शिव्या द्यायच्या नाहीत ही अट. लोणारही सांगते. उल्का पडून झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर आणि त्यातलं सरोवर आपल्या बुलढाण्यात आहे आणि आपण सगळे मेले महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला पळतो. 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा चार दिवस सगळ्यांच्या स्टेटसवर होतं, मग विसरले. तिथे भर दुपारी एका बाटलीवर खाली उतरायचा मूर्खपणा मी केलाय, तुम्ही करू नका, एवढंच.

पण खरं सांगायचं तर मनापासून मी एकच जागा सांगते, वेळास. आणि गंमत म्हणजे पहिल्या खेपेला मी तिथून भांडून आले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं बाणकोट खाडीजवळचं छोटं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण आता लोक जातात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात, एका खड्ड्यात शंभरेक. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं, सगळे मिळून संपवायचे. 2002 च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, पुढे त्याचा कासव महोत्सव झाला, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणाऱ्यांना गावातल्या लोकांनी स्वतःच्या घरात उतरवायला सुरुवात केली. हॉटेल नाही. घर.

तर पहिली खेप. मार्चमधला शनिवार, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि मी. ताम्हिणी उतरेपर्यंत सगळं गुडी गुडी, माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकलो तिथे अर्धा तास गेला, मग म्हसळा, मग बागमांडल्याला फेरीची लाइन. ही फेरीबोट सावित्री ओलांडून गाडीसकट पलीकडे वेसवीला सोडते, दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण आमच्या पुढे इतक्या गाड्या होत्या की दोन बोटी आमच्या डोळ्यांदेखत गेल्या. पोचलो तेव्हा सगळ्यांची डोकी तापलेली. त्यात घर बघून नवऱ्याचा चेहरा पडला. माजघरात ओळीने गाद्या, दुसऱ्या दोन कुटुंबांबरोबर, बाथरूम मागच्या अंगणात आणि सगळ्यांना मिळून एकच. मी म्हटलं, कासवं बघायला आलोय ना, झोपायला नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर दोरीमागे दोनशे तरी माणसं. पोरं बापाच्या खांद्यावर, मोबाइल वर, कुणाच्या तरी ब्लूटूथ स्पीकरवर गाणी (कासवांना ऐकवायला?). जाळीच्या कुंपणात, गोळा केलेली अंडी पुरलेल्या प्रत्येक खड्ड्यावर एक टोपली उपडी घातलेली असते. कार्यकर्ता एकेक टोपली उचलतो, वाकून बघतो, परत ठेवतो. उचलतो, ठेवतो. शेवटची ठेवून तो वळला आणि म्हणाला, "आज नाही."

एक मोठा सुस्कारा सुटला सगळ्यांचा. एक गृहस्थ पुढे होऊन म्हणाले, आम्ही दोनशे किलोमीटरवरून आलोय, तिकीट काढलंय, थोडं उकरून बघा ना. उकरून! मला तेव्हा त्यांचा राग आला होता पण मी काही फार वेगळी वागले नाही. रात्री पंगतीत काकू, म्हणजे आमच्या घरमालकीण, कुळथाचं पिठलं वाढत होत्या आणि मी, वर बघूनही नाही, म्हटलं, "काकू, असतीलच असं नाही हे फोनवर आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

काकूंनी पिठल्याची आणखी एक पळी माझ्या भातावर घातली. "ती काय एसटी आहे का गं, टायमाला यायला?" मग थांबून, "एसटी पण येत नाही म्हणा."

अख्खी पंगत हसली. मी सोडून.

सकाळीही टोपल्या रिकाम्याच. मुलगी रडली, नवरा गप्प, मी गाडीत बसून चांगली दोन पानी तक्रार लिहायचा प्लॅन करत होते, माणगावला परत तेच ट्रॅफिक लागल्यावर तोही विषय संपला. दोन वर्षं वेळासचं नाव घरात निघालं नाही.

दुसऱ्या खेपेला तर आम्ही वेळासला जाणारच नव्हतो. सासूबाईंना हरिहरेश्वरला जायचं होतं, किती वर्षं मनात होतं त्यांच्या, नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलीची परीक्षा, म्हणून मी आणि आई दोघीच, ड्रायव्हर घेऊन, अगदी आठवड्याच्या मधे. दर्शन झालं. डोंगराला वळसा घालणारी समुद्रकाठची प्रदक्षिणा आईंच्या गुडघ्यांमुळे राहिली, आणि तिथे भरतीच्या वेळी जायचंच नसतं हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण लोक लाटांकडे पाठ करून सेल्फी काढतात. दुपारी बाहेर आलो तर समोर पाटी, बागमांडला. चार किलोमीटर की काय. आई म्हणाल्या, "मला कधी गाडीसकट बोटीत बसवलं नाहीस तू." झालं, निघालो. बोटीत त्या आधी गाडीतून उतरायलाच तयार नव्हत्या, आणि मग उतरल्या त्या पलीकडचा किनारा येईपर्यंत कठडा सोडला नाही.

काकूंना फोन केला, जागा होती, मंगळवारी कोण येतंय. दारातच मला बघून म्हणाल्या, "तुम्ही त्या एसटीवाल्या ना?" दोन वर्षांनी! मी ओशाळून हसले. आई म्हणाल्या, काय गं, कसली एसटी? काकूंनी सगळं रंगवून सांगितलं आणि त्या दोघी माझ्यावर अशा काही हसल्या की तिथून पुढे मी पाहुणी आणि त्या दोघी मैत्रिणी. रात्री पडवीत बसून त्यांचं काय काय चाललं होतं, गुडघ्याला कुठलं तेल, पोफळीचं यंदा कसं, सुना. मी झोपल्याचं नाटक केलं.

सकाळी साडेपाचला काकूंनी उठवलं. काळोखात टॉर्च घेऊन हळूहळू किनाऱ्यावर गेलो, आईंना एका कार्यकर्त्या पोराने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. आम्ही सगळे मिळून नऊ जण. दोरी होती पण दोरीला काही काम नव्हतं. त्याने पहिली टोपली उचलली. ठेवली. दुसरी. ठेवली. मी आईंना म्हणणार होते की असं होतं कधी कधी, तेवढ्यात तिसरी टोपली त्याने उचलली आणि खाली ठेवलीच नाही.

मला आधी काहीच दिसलं नाही. नुसती वाळू. मग ती वाळू हलली. मधोमध बारीक खळगा पडला आणि त्यातून एक काळपट नाक वर आलं, मग एक वल्ह्यासारखा पाय, आणि मग एकाच्या पाठीवर दुसरं, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरं अशी ती लेकरं ढकलाढकली करत वर यायला लागली. सतरा. प्रत्येक तळहातात मावेल एवढं, डोळ्यांवर वाळू चिकटलेली, आणि तरी कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक. ती घमेल्यात घेऊन पाण्याच्या थोडं अलीकडे वाळूत सोडली. थेट पाण्यात नाही सोडत, तेवढं अंतर त्यांनी त्यांचं चालायचं असतं.

आईंनी विचारलं, एवढीशी पोरं, आई कुठे त्यांची? पोरगा म्हणाला, आजी, ती अंडी घालून त्याच रात्री गेली, दीड-दोन महिने झाले. आणि यातली जी माद्या म्हणून जगतील, त्या मोठ्या झाल्यावर अंडी घालायला याच बाजूच्या किनाऱ्यांवर परत येतात.

आई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी येते होय?"

"हो आजी. पण थांबत नाही."

"म्हणजे डिंकाचे लाडू पण नाहीत मेलीच्या नशिबात."

तो पोरगा असा हसला की त्याच्या हातातलं घमेलं पडायचं राहिलं.

सोळा गेली. एक मागे राहिलं. मी चपला हातात घेऊन पुढे गेले होते तेव्हा माझी टाच रुतून खड्डा झाला होता आणि ते नेमकं त्यात घसरलं. माझ्या टाचेची ती काय खोली, दोन बोटं, पण त्याला विहीर. चारी पाय मारतंय, अर्धं वर येतंय, वाळू ढासळतेय, परत खाली. मी त्या पोराकडे बघितलं. त्याने मान हलवली. "उलटं पडलं तरच हात लावायचा ताई." मग म्हणाला, "तुम्ही आधी मागे या." मला इतकं अपराधी वाटलं की सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, मला तास वाटला. शेवटी ते कसंबसं काठावर आलं, तिथे जरा थांबलं, दमलं असेल, आणि निघालं. लाट आली, घेऊन गेली, आम्ही टाळ्या वाजवणार तोच परत किनाऱ्यावर टाकून गेली. पुन्हा चालायला सुरुवात. पुन्हा लाट, पुन्हा बाहेर. तिसऱ्या लाटेनंतर ते बाहेर आलं नाही. थोड्या अंतरावर पाण्यात एक टिकली एवढं डोकं वर आलं, ते त्याचंच होतं का माहीत नाही, आई म्हणाल्या त्याचंच.

हजारात एखादं जगून मोठं होतं म्हणतात. पोराने तेही सांगितलं, आई पाण्याकडेच बघत होत्या. मी रडले का? हो. वारा होता, वाळू गेली डोळ्यांत वगैरे घरी सांगितलंय.

बाकी बाणकोटचा किल्ला खालून बघितला, परत आलो, विषय संपला. पण तेव्हापासून आई पेपरमधली कासवांची कात्रणं कापून ठेवतात. 2022 मध्ये वेळासच्याच एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावून तिचं नाव प्रथमा ठेवलं होतं, ते कात्रण आहे. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली बागेश्री पार श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा आईंनी सकाळी सातला मला फोन करून सांगितलं, शेजारणीची मुलगी अमेरिकेला गेल्यासारखं.

तर जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, निघण्याआधी गावात फोन करून पिल्लं कधी निघायची शक्यता आहे ते विचारा, आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडून जा. एसी नाही. फोनला रेंज येते जाते. आम्ही उतरतो त्या घरात मासे मिळत नाहीत, ग्लास बाहेर काढायचे नाहीत, हे ऐकून ज्यांचा मूड गेला त्यांनी प्लीज अलिबागला जावं, सगळ्यांचंच भलं होईल. फ्लॅश मारू नका. पिल्लू हातात घेऊन फोटो मागू नका, त्या पोरांना नाही म्हणून म्हणून कंटाळा आलाय. आणि चपला घालून दोरीच्या पुढे जाऊ नका, हे मी कुठल्या तोंडाने सांगतेय ते तुम्हाला कळलंच आहे.

एवढं सगळं ऐकून या मार्चमध्ये माझी एक मैत्रीण सहकुटुंब गेली. शनिवारीच गेली, अर्थात. रविवारी सकाळी तिचा फोटो आला, उचललेली टोपली आणि खाली सपाट वाळू. मी शिव्या खायची तयारी करून फोन उघडाच धरून बसले. खाली तिने लिहिलं होतं, "तुझी एसटी आली नाही. ते पिठलं मात्र काय होतं गं, काकूंना रेसिपी विचारली, हसून विषयच बदलला."

मलाही दिलेली नाही. आईंना दिलीये, पण त्या सांगत नाहीत.