ट्रॉलीवरचं हॉटेल

गणपतीच्या तयारीला दोन महिने मिळतात. शाहू जयंतीला शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात. वह्यांना कव्हरं घालून व्हायच्या आत आमच्या हातात लेझीम यायचं. त्यात २६ जून म्हणजे कोल्हापूरचा पाऊस. कोरड्या मैदानावर तालीम झाल्याचं मला तरी आठवत नाही.

शाळेची मिरवणूक शिवाजी पेठेतून निघायची. बिनखांबी गणेश मंदिर, मिरजकर तिकटी, बिंदू चौक करत दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार. पुढं हलगी-घुमकं, मागं चित्ररथ. १९०२ चं पन्नास टक्के आरक्षण, १९१७ चं सक्तीचं मोफत शिक्षण, राधानगरीचं धरण. धरण पुठ्ठ्याचं, त्यामुळं ते दरवर्षी वाटेतच फुटायचं.

आठवीत आमच्या तुकडीला गंगाराम कांबळे यांचं हॉटेल आलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, अशा काळात शाहू महाराज तिथं मुद्दाम गाडी थांबवून चहा मागवायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. आम्ही मामाची ट्रॅक्टर-ट्रॉली आणली, बांबूवर ताडपत्री ताणली. स्टोव्ह पेटवायला सरांनी साफ नकार दिला, म्हणून आईनं पहाटे उठून दोन मोठ्या किटल्या भरून दिल्या.

महाराज झालेला पोरगा अंगानं दांडगा. मिरजकर तिकटीला जोराची सर आली आणि त्याच्या गुलाबी फेट्याचा रंग पांढऱ्या अंगरख्यावर उतरला. नाटकात एकच कप ठरलेला. पण महाराज कुडकुडत म्हणाले, "आणखी एक दे की रं!" मग वळचणीला थांबलेली माणसंही हात पुढं करायला लागली. बिंदू चौकात बंदोबस्ताच्या हवालदारकाकांनी ट्रॉली अडवली. आमची पाचावर धारण बसली, तर त्यांनाही चहाच पाहिजे होता. एका आजोबांनी घोट घेऊन निकाल दिला, "साखर कमी हाय."

आता आम्ही माजी विद्यार्थी सगळं बघतो. पोलिसांकडं परवानगीचा अर्ज, हारासाठी शिडी, भिजलेल्या पहिलीच्या पोरांना घरी पोचवायला रिक्षा. या धावपळीत मिरवणूक धड बघायला मिळत नाही, पण हॉटेलची ट्रॉली मी कुणाला देत नाही. साखरही जास्त घालतो.

गेल्या वर्षी नेमकी पावसानं दडी मारली. फेटे कोरडे, धरण शाबूत, आणि किटलीभर चहा उरला.