टीपीआरमधला ‘आर’

जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे आम्ही म्हणतो ते जीडीए. या कोर्सला मी नाव घातलं तेव्हा घरच्यांनी आणि गल्लीनं ‘ही नर्स होणार’ असंच धरलं होतं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात आमच्या डोक्यातून ते काढलं. “इंजेक्शन तुम्ही द्यायचं नाही. सलाईन लावायची नाही. नाकातली नळी घालायची नाही. अमुक गोळी घ्या, असं तर तोंडातूनसुद्धा काढायचं नाही.”

“मग करायचं काय?” आमच्यातल्या एकीनं विचारलंच.

“बाकी सगळं,” मॅडम म्हणाल्या.

बाकी सगळं म्हणजे केवढं, ते पुढे कळत गेलं. नुसतं हात धुणं हाच एक धडा. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, आणि साबणानं धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद. स्पंज देताना डोळा नाकाकडून कानाकडे पुसायचा, दुसऱ्या डोळ्याला बोळा नवा. पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि त्याच वेळी माकडहाड, खुबे, टाचा उघडून बघायच्या. आलेली लाली बोटानं दाबल्यावर जात नसेल तर लगेच सिस्टरना सांगायचं. पेशंट कॉटवर असतानाच खालची चादर बदलायची. सोलापूरच्या पोरींना चादर घालायला शिकवावी लागते, हा विनोद आमच्या बॅचमध्येही झाला. मी आधी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होते. कापडाची कड सरळ ठेवायची हाताला सवय, त्यामुळे गादीच्या कोपऱ्याची तिरकी घडी मला पहिल्या झटक्यात जमली.

रडवलं ते बीपीनं. पट्टा कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधायचा, आधी नाडीवरून वरच्या आकड्याचा अंदाज घ्यायचा, मग पुन्हा हवा भरून ती हळूहळू सोडत पहिला ठोका कुठे येतो आणि आवाज कुठे नाहीसा होतो ते ऐकायचं. कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जननं १९०५ साली ही पद्धत सांगितली. त्याच्या खोलीत पंखा नसावा. आमच्या वर्गात एप्रिल महिन्यात पंखा बंद केला की घामाच्या धारा आणि चालू केला की त्याची खडखड, त्यात तो ठोका कुठला ऐकू येतोय!

या सगळ्यात श्वास मोजणं अगदीच किरकोळ वाटायचं. टीपीआर म्हणजे टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. त्यातल्या टेंपरेचरला थर्मामीटर असतो, पल्सला निदान बोटांखाली काहीतरी लागतं. रेस्पिरेशनला नुसतं बघत बसायचं. मॅडम मात्र तिथेच अडून बसायच्या. पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर घड्याळावरून छातीकडे न्यायची. छाती वर आणि खाली मिळून एक. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २०. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट केलेले चालणार नाहीत. वॉर्डात मोबाइल काढायची परवानगी नव्हती, म्हणून सगळ्यांना नवी पेठेत पाठवून सेकंदकाट्याची घड्याळं आणायला लावली.

वॉर्डची ड्यूटी सुरू झाली ती शहरातल्या एका खासगी रुग्णालयात. क्लासवरून आम्ही सगळ्या मिळून जायचो. वाटेत डॉक्टर कोटणीसांच्या स्मारकाचा भैय्या चौक लागला की मॅडमचं ठरलेलं गाऱ्हाणं सुरू व्हायचं. डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, हे सोलापुरात पोरासोरांनाही पाठ. पण त्यांची बायको गुओ छिंगलान नर्स होती, हे कितीजणांना ठाऊक आहे? आम्ही मान हलवायचो. पाचव्या-सहाव्या वेळी तर आम्हालाही पाठ झालं होतं.

वॉर्डात आम्ही आकडे आमच्या वहीत लिहायचे आणि सिस्टरनी पाहून ते चार्टवर चढवायचे, अशी पद्धत होती. चार्ट चाळायची मला खोड लागली. टेंपरेचरच्या रेघेला चढउतार दिसायचे, पल्सच्याही. श्वासाच्या रकान्यात मात्र १८, १८, २०, १८. हर्नियावाल्या तरण्या पोराचे १८, दम्याच्या काकांचे १८, शेजारच्या कॉटवर घोरत पडलेल्या माणसाचेही १८. पहिल्यांदा हसू आलं. पण दुपारच्या पाळीला तीस कॉटना दोन सिस्टर. प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा तर नुसत्या मोजण्यात अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात सलाईन संपलेली असते, दोन नवे पेशंट आलेले असतात, कुणाचा नातेवाईक काउंटरवर हात आपटत असतो. त्यामुळे आळशीपणा म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण तो आकडा खोटा होता, तेही तितकंच खरं.

एके दिवशी मला ज्या कॉट दिल्या त्यांत एक अव्वा, म्हणजे तेलुगू आजी, होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पूर्व भागातल्या. न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. अंगानं काडी. सून उशाशी बसून होती. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणारी, तेवढ्या भांडवलावर मी विचारलं, “अव्वा, नोप्पी उन्नदा?” त्यांनी डोळे न उघडताच “लेदु” म्हटलं. दुखत नाही. ताप ९८.४. कपाळ गार.

मी मनगट धरलं आणि ते हातातून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. अव्वांचे दोन्ही हात पोटावर काहीतरी करत होते. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं काहीतरी धरून होती, उजव्या हाताची बोटं त्यात चिमटीनं काही भरत होती. मग दोन्ही अंगठे पुढे सरकायचे, गुंडाळी व्हायची, हवेतच दोऱ्याचे दोन वेढे बसायचे, नखानं टोक आत दाबलं जायचं, आणि तयार झालेली विडी उजवीकडे ठेवली जायची. तिथे सूप नव्हतं, पान नव्हतं, तंबाखू नव्हती. रुग्णालयाच्या हिरव्या चादरीवर अव्वा विड्या वळत होत्या, आणि हात इतका सराईत की एकही हालचाल मधली सुटत नव्हती.

“सकाळपासून चाललंय,” सून म्हणाली. “सवय ओ ताई. जन्मभर तेच केलंय, रोज हजार विड्या. रिकामं पडून राहायला जमत नाही त्यांना.”

“काल करत होत्या का?”

तिनं थोडा विचार केला. “काल नाही. काल बोलत होत्या. चहा गोड नाही म्हणून मला बोलल्या.”

हात थांबेनात, म्हणून मी त्यांच्या एका हातावर माझा हात नुसता ठेवला आणि तो तसाच पोटावर राहू दिला. तेवढ्यात लक्षात आलं, माझा हात जरा जास्तच भरभर वरखाली होतोय. घड्याळाकडे बघून मोजायला लागले. श्वास मोठे नव्हते. बारीक, उथळ, एकामागे एक. मिनिट झालं तेव्हा ३२ होते. माझं काहीतरी चुकत असेल, म्हणून परत मोजले. ३१. नाडी १०८. चार्टवर सकाळी सहाला १८, दहाला १८.

सिस्टर टेबलाशी नवा केस पेपर भरत होत्या. मी आकडा सांगितला.

“अगं, बोलत असतील तेव्हा मोजलास. वीस लिही.”

“बोलत नाहीत सिस्टर. दोनदा मोजले. आणि हातानं विड्या वळतायत.”

“काय वळतायत?”

मी करून दाखवलं. सिस्टरनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं, आकड्यानं नाही, त्या विड्यांनी त्या उठल्या. कॉटपाशी आल्या, क्षणभर अव्वांच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःचं घड्याळ वर धरून उभ्या राहिल्या. मागून कुणी हाक मारली तरी वळल्या नाहीत. पूर्ण मिनिट.

ऑक्सिजन मोजायचा चिमटा सकाळी ९५ दाखवत होता. आता तो लावला तर आकडा स्थिरच होईना. गार पडलेल्या बोटावर तो फसवतो, हे आम्हाला शिकवलं होतं. सिस्टरनी सांगितल्यावर मी अव्वांचं बोट दोन्ही तळव्यांत धरून ऊब आणली. तंबाखूनं कायमचं पिवळं पडलेलं ते बोट. अंगठ्याच्या नखाची कड झिजून आत गेलेली. पुन्हा चिमटा लावला. यावेळी आकडा ठरला, ८८ वर.

पुढचं भराभर झालं. सिस्टरनी आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन लावला, ऑक्सिजनचा मास्क चढवला. मला कॉटचं डोकं वर करायला सांगितलं. ऑपरेशनचा पाय हलू न देता मी आणि मावशींनी अव्वांना वर सरकवलं. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, एक्स-रे काढायला लावला. उजव्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया निघाला. संध्याकाळच्या आत त्यांना आयसीयूत हलवलं.

सून मला एकच विचारत राहिली, “पण ताप कुठं होता?” डॉक्टरांनी तिला समजावलं ते मीही ऐकून घेतलं. म्हाताऱ्या माणसाला आत संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. भ्रम होतो, माणूस गप्प होतो किंवा हातवारे करतो, आणि श्वास वाढतो. त्यातून उताणं पडून राहिलेलं, दुखतं म्हणून खोकायचं टाळलेलं, छातीत कफ साठायला एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. नाडी किती होती ते विचारलं आणि फळ्यावर एक तक्ता काढला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत ‘न्यूज’ नावाची गुण मांडायची पद्धत आहे. नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, श्वास, शुद्ध, प्रत्येकाला बिघडेल तसे गुण, जास्तीत जास्त तीन. मिनिटाला श्वास २५ किंवा वर गेले की त्या एकट्या आकड्याला तीनच्या तीन. नव्यानं आलेल्या भ्रमालाही तीन. आणि ज्यानं आम्हाला रडवलं तो बीपीचा खालचा आकडा त्या तक्त्यात मुळी धरतच नाहीत! वर्गात एकच कल्ला झाला.

अव्वा आयसीयूतून वॉर्डात परत आल्या तेव्हा त्यांना माझी ओळख असण्याचं कारण नव्हतं. मी कुणाची, कुठे राहते, लग्न झालं का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. हात मांडीवर निवांत होते. चहा अजूनही गोड नव्हता.

इनचार्ज सिस्टरनी मात्र नवीनच काम लावलं. आम्ही ड्यूटीवर आहोत तोवर दुपारी वॉर्डातले सगळे श्वास आम्ही पोरींनी मोजायचे. पहिल्याच दुपारी १४ निघाले, २२ निघाले, घोरणाऱ्या माणसाचे चक्क ११. त्याला उठवलं तर १६ झाले, आणि उठवलं म्हणून तो आमच्यावर डाफरला. दम्याचे काका तेवढे राहिले होते. त्यांचे मी मोजले आणि वही सिस्टरपुढे धरली.

“१८?” सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. “पुन्हा मोज.”

पुन्हा मोजले. १८च. शेवटी त्या स्वतः घड्याळ घेऊन काकांच्या कॉटकडे निघाल्या.