जुनी इंडिका डिझेल : सकाळचं स्टार्टिंग एकदाचं सुटलं

गाडी 2005 सालची इंडिका व्ही2. 1405 सीसीचं साधं आयडीआय इंजिन (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं), टर्बो नाही. तक्रार अशी की रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागायचा, मग इंजिन अडखळत उठायचं. एकदा गरम झाली की दिवसभर नुसती किल्ली फिरवली तरी चालू. ज्याला विचारावं तो म्हणे, डिझेल पंप काढून कॅलिब्रेशनला (माप जुळवून घ्यायला) टाका. पण पंप उतरवायचा म्हणजे टायमिंग बेल्टच (क्रँकवरून व्हॉल्व्ह आणि पंप चालवणारा पट्टा) सोडायचा. त्यामुळे बाकी सगळं निर्दोष ठरल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

आधी धूर बघितला. सेल्फ मारताना सायलेन्सरमागे कोणाला तरी उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे संशय हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा) किंवा कम्प्रेशनवर (हवा पुरेशी दाबली जाण्यावर). धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही. माझ्याकडे बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम पांढरा लोट. म्हणजे दोन्हीकडे गडबड.

हीटर प्लगची पट्टी काढून एकेक प्लग मल्टिमीटरवर तपासला. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. माझा एक पूर्ण ओपन, म्हणजे आतून तुटलेला निघाला. आयडीआयमध्ये त्या छोट्या कप्प्याच्या, म्हणजे प्री-चेंबरच्या भिंती हवेची उष्णता खाऊन टाकतात, म्हणून कम्प्रेशन भरपूर असूनही थंडीत या इंजिनाला हीटर लागतोच. प्लग बदलल्यावर अडखळणं गेलं. लांबलेला सेल्फ मात्र तसाच.

मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाईप बसवला. ज्यांच्याकडे मेकॅनिकल पंपाची गाडी आहे त्यांनी हा पाईपाचा तुकडा डब्यात ठेवाच, याच्याइतकं स्वस्त निदान दुसरं नाही. संध्याकाळी पाईप डिझेलने गच्च भरलेला, सकाळी वर हवेची मोठी पोकळी. कुठूनतरी हवा शिरत होती आणि डिझेल रात्रीतून टाकीकडे परत उतरत होतं.

चोर सापडला नोझलवरच्या (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांवरच्या) ओव्हरफ्लो पाईपांत, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या पाईपांत. विणलेल्या दोऱ्याचं आवरण वरून ठीक दिसत होतं, वाकवल्यावर आतलं रबर तडकलेलं. शेवटच्या नोझलवरची टोपीही कडक झालेली. एप्रिल 2020 पासून आपल्याकडे 10 पीपीएम सल्फरचं डिझेल आलं. इंधन बदललं की जुनं रबर आखडतं असं सांगतात, पण माझ्या मते इथे पाईपांचं वय हेच मुख्य कारण. पुण्याच्या नाना पेठेतून नवा पाईप मीटरवर आणला. घेताना नोझलचं टोक सोबत न्या. जेमतेम सरकेल इतकाच घट्ट हवा, ढिल्या पाईपावर क्लिप लावून भागत नाही.

पाईपांतली हवा (एअर) काढायला आधी फिल्टरवरचा हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबला. मग नोझलकडचे नट 17 च्या पान्याने थोडे सैल करून डिझेल झिरपेपर्यंत सेल्फ. हात आणि डोळे लांब ठेवा, या दाबाची धार कातडीत शिरते. कॉमन रेलच्या (नव्या पद्धतीच्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीवर हे अजिबात करू नका, तिथला दाब हजार बारच्याही वर जातो.

आता सकाळी हीटरचा दिवा विझला की दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिन धरतं. पंप जागचा हललेला नाही.

दिल्लीच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बाद करायचा आदेश 2015 मध्ये निघाला होता. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून घेता येतं, आणि माझं 2025 चं झालेलं आहे. म्हणून या गाडीवर खर्च करायला मन कचरत नाही.

पुढचं काम टायमिंग बेल्ट. क्रँकचं ऑइल सील ओलं दिसतंय. ऑइल बेल्टवर उतरलं तर बेल्ट फुगतो, आणि तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. सील, टेन्शनर आणि बेल्ट एकदमच बदलणार आहे. या इंजिनात पंपाचं टायमिंग लॉक करायला (बेल्ट बदलताना पंप फिरू नये म्हणून) तुम्ही काय वापरता, ते जरूर सांगा.