रंगाला लागतो शेजार

दुकानातल्या निळ्या दिव्याखाली केशरी-जांभळा झगमगणारा ‘फेअरी रॅस’ जातीचा नर मासा विकत आणावा, त्याला स्वच्छ पाणी, दिवसातून दोन-तीनदा खाणे आणि लपायला भरपूर कपारी द्याव्यात, आणि तरीही काही महिन्यांनी त्याच्या अंगावरचा रंग उतरू लागावा, हा अनुभव समुद्री मासे पाळणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी खाण्यात किंवा पाण्यात दोष शोधून हाती काही लागत नाही. टाकीत त्याच्या जातीची मादी नसते, मग त्याने रंग मिरवायचा कोणासाठी? म्हणूनच जाणकार एका नरासोबत त्याच जातीच्या दोन-तीन माद्या ठेवायला सांगतात. ते जमत नसेल तर निदान दुसऱ्या जातीचा एखादा फेअरी रॅस शेजारी असावा, म्हणजे ईर्ष्येपोटी का होईना, पर ताठ उभारून मिरवणे चालू राहते. आपण पिशवीत घालून मासा तेवढा घरी आणतो आणि त्याच्या रंगाचा बराचसा भाग त्याच्या सोबत्यांकडे राहून जातो, असे आता माझे मत झाले आहे.

रॅस हे लॅब्रिडी कुळातले मासे. या कुळात 500 हून अधिक जाती असून त्यात बोटभर लांबीच्या फ्लॅशर रॅसपासून दोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या नेपोलियन रॅसपर्यंत सगळे सामावतात. त्यांची चाल एकदा ओळखीची झाली, की गर्दीतही रॅस कोणता हे सांगता येते. आमच्या गोव्याच्या मांडवीत वल्ही मारत जाणाऱ्या होडीसारखा तो छातीजवळचे दोन पर मारत पुढे सरकतो आणि शेपटी राखून ठेवतो ती पळ काढण्यासाठी. पोहण्याच्या या पद्धतीला शास्त्रज्ञांनी या कुळावरूनच नाव दिले आहे. दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत तो दिवसभर खडकांची झडती घेतो, वाळूवर टोच मारतो, बारीक किडे आणि चपटे कृमी टिपतो, आणि मोठ्या जातींचे रॅस तर घशातल्या दातांनी शिंपले-गोगलगाईही फोडतात. कोळंबीच्या शोभेच्या जाती पाळणाऱ्यांनी त्याच्यापासून जपून राहावे, कारण त्याच्या लेखी शोभा आणि जेवण यांत फारसा फरक नसतो. (आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या लेखीही तो नसतो. विशेषतः 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत, ताटात सुकी सुंगटे आणि समोर काचेत जिवंत मासे असताना, हे मासे चवीला कसे लागतात हा प्रश्न कोणीतरी विचारतोच.)

रायबंदरला घराच्या खिडकीतून मांडवी दिसत असताना आम्ही टाकीसाठी मीठ बादलीने विकत आणतो, याचेही लोकांना हसू येते. मात्र नदीच्या मुखाजवळचे पाणी ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात ते चांगले खारट असते आणि पाऊस सुरू झाला, की त्याचा खारेपणा कोसळून ते गाळाने तांबूस होते. प्रवाळ ठेवलेल्या टाकीला बाराही महिने लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार लागतात. म्हणून आरओचे पाणी आणि त्यात मोजून मिसळलेले मीठ, हाच मार्ग उरतो. पाणी 25-26 अंशांवर ठेवण्यासाठी मे महिन्यात चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, अखंड चालवावा लागतो, हे विजेच्या बिलावरून घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट नव्याने टाकी लावणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्व कठीण प्रवाळांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, स्थान आहे. समुद्रातून उचलून आणलेला प्रवाळाचा तुकडा कोणी कितीही स्वस्तात देऊ केला, तरी त्याला हात लावू नये. आमच्या टाकीतले खडक माणसाने घडवलेले आहेत आणि त्यांच्यावर मऊ प्रवाळांचीच वस्ती आहे. रॅसला त्याचे काही वाटत नाही. त्याला कपारी हव्या असतात, त्या मिळाल्याशी कारण.

सोबत्यांवर या माशाचे अवलंबून असणे रंगापुरते थांबत नाही. बहुतेक रॅस मादी म्हणून वाढतात आणि पुढे त्यांतले काही नर होतात. डी. आर. रॉबर्टसन या संशोधकाने ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटाजवळ क्लीनर रॅसच्या, म्हणजे इतर माशांचे अंग साफ करणाऱ्या रॅसच्या, कळपांचा अभ्यास करून 1972 मध्ये दाखवून दिले, की एका नराच्या धाकात अनेक माद्या राहतात आणि नर नाहीसा झाला, की त्यांतली सर्वांत वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते. साधारण दोन-अडीच आठवड्यांत ती पूर्ण नर झालेली असते. म्हणजे या माशाने कोण व्हायचे, हे शेजारी कोण उरले यावर ठरते. त्यातून अभ्यासकांचीही फसगत झाली आहे. पिल्लू, मादी आणि नर यांची अंगवस्त्रे इतकी निराळी असतात, की एकाच जातीच्या माशांना वेगवेगळ्या जाती समजून नावे दिली गेली, तर कधी दोन जाती एकच मानल्या गेल्या. मालदीवच्या समुद्रातला एक गुलाबी फेअरी रॅस अनेक वर्षे दुसऱ्याच एका जातीचा प्रौढ मासा समजला जात होता. 2022 मध्ये अहमद नजीब या मालदीवच्याच संशोधकाचा सहभाग असलेल्या चमूने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळवून दिली आणि तिथल्या भाषेतल्या गुलाबाच्या नावावरून त्याचे नाव ‘फिनिफेन्मा’ ठेवले.

मला सर्वांत नवल वाटते ते लाल रंगाचे. समुद्रात पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच उन्हातला लाल भाग पाण्यात विरून जातो, आणि पुष्कळसे फेअरी रॅस तर त्याहून खोल, निळ्या उजेडात राहतात. मग तिथे त्यांच्या अंगावरच्या लाल रंगाचा उपयोग काय? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की एका जातीच्या फेअरी रॅसची कातडी निळा उजेड शोषून गडद लाल प्रकाश स्वतःच बाहेर टाकते आणि त्याच जातीच्या नरांना तो दिसतो. आरशातल्या प्रतिबिंबावर धावून जाणारे नर मधला लाल प्रकाश गाळून टाकला, की कमी चवताळतात. हे वाचल्यापासून संध्याकाळी टाकीवरचे पांढरे दिवे मालवून निळे तेवढे चालू ठेवले, की मी तिथून लवकर हलत नाही. नरांचे मिरवणे याच वेळी भरात येते. पाठीचे पर उभे राहतात, अंगावरचे पट्टे क्षणभर उजळतात आणि मादीपुढून एक झोकदार फेरी मारून झाली, की स्वारी पुन्हा नेहमीच्या रंगावर येते.

दिवे पूर्ण मालवण्याआधीच सगळे रॅस झोपायला गेलेले असतात, आणि त्यात दोन घराणी आहेत. लेपर्ड आणि हॅलिकोअरिस जातींचे मासे वाळूत शिरतात, त्यामुळे त्यांच्यासाठी बारीक वाळूचा दोन इंच तरी थर लागतो. फेअरी आणि सिक्स-लाइन रॅस कपारीत शिरून स्वतःभोवती चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी विणतात. पोपटमासेही अशीच पिशवी करतात, आणि ती रात्री रक्त शोषणाऱ्या बारीक परजीवींपासून त्यांचा बचाव करते, हे 2011 मध्ये सिद्ध झाले आहे. नव्याने आणलेला लेपर्ड रॅस कधी कधी काही दिवस वाळूतून वर येतच नाही किंवा भलत्याच वेळी डोके काढतो, कारण त्याचे घड्याळ अजून मूळ समुद्राच्या सूर्यावर चालत असते. त्याला उकरून काढण्याचा मोह आवरावा. टाकीवर जाळीचे झाकण मात्र पहिल्या दिवसापासून हवे, कारण दचकलेला रॅस हमखास पाण्याबाहेर उडी मारतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाऊन दिवे अचानक मालवण्याचे प्रसंग काही कमी नसतात.

क्लीनर रॅस मी आणत नाही. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणाऱ्या या माशाला घरच्या टाकीत तेवढी गिऱ्हाइके मिळत नाहीत आणि बरेचसे उपासमारीने मरतात. सिक्स-लाइन हा गुंड असल्याने तो आणायचाच तर सर्वांत शेवटी, इतरांनी आपापल्या जागा धरल्यावर. सध्या घरात चर्चा आहे ती पिवळ्या हॅलिकोअरिसची. सासूबाईंचा कौल त्यालाच आहे, कारण तो लहान असो वा मोठा, नर असो वा मादी, एकटा असो वा जोडीने, हळदीसारखा पिवळाच राहतो. ज्याच्या रंगासाठी आणखी तीन मासे विकत आणावे लागतात, असला मासा त्यांच्या हिशेबात बसत नाही. मला माझ्या लहरी नरांचीच ओढ आहे, पण वाळूतली मोकळी जागा पाहता या खेपेला त्यांचेच खरे होणार.