रोन्सेस्वायेस : खिंडीखालचा मुक्काम

फ्रान्समधलं सँ-जाँ-प्ये-द-पोर समुद्रसपाटीपासून जेमतेम 170 मीटर उंचीवर आहे आणि पहिल्या मुक्कामाआधीची, म्हणजे स्पेनमधल्या रोन्सेस्वायेसच्या वरची, लेपोएदेर खिंड 1430 मीटरवर. स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाकडे पायी जाणाऱ्या फ्रेंच वाटेचा हा पहिलाच टप्पा, साधारण 25 किलोमीटरचा. आपल्या वारीत दिवेघाट लागतो तोवर आळंदी ते पुणे चालून पाय मोकळे झालेले असतात. इथे घाट आधी, सवय नंतर. आणि दिंडीचा ट्रक नाही. सामान ज्याचं त्याच्या पाठीवर. सॅक आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड झाली तर ती ओरिसोंच्या चढावरच हिशेब मागते.

ओरिसोंची धर्मशाळा आठ किलोमीटरवर आहे आणि सगळ्या टप्प्यातला सर्वांत उभा चढ त्याच्या आधीचा, तोही डांबरी रस्त्याचा. आम्ही इथे थांबून माणशी दोन लिटर पाणी भरून घेतो. पुढे सीमेजवळ रोलाँचा झरा सोडला तर रोन्सेस्वायेसपर्यंत भरवशाचं पाणी नाही. टप्पा दोन दिवसांत तोडायचा तर ओरिसोंची खाट बऱ्याच आधी राखून ठेवावी लागते. एका दिवसात जायचं तर सकाळी सातच्या आत पाऊल बाहेर पडायला हवं. थांबत-खात आठ-नऊ तास सहज जातात. उशिरा निघणाऱ्यांची फसगत ठरलेली. दुपारी ढग खाली उतरतात तेव्हा ते नेमके उघड्या कुरणांवर असतात. गवतात वाट विरघळते, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात पण मेंढ्या दिसत नाहीत. अशा वेळी आडवाट धरायची नाही; खुणा दिसेनाशा झाल्या तर मागच्या खुणेपर्यंत परतायचं. सीमा आणि खिंड यांच्यामध्ये एक छोटी आसऱ्याची खोली आहे. मदतीसाठी क्रमांक 112.

1 नोव्हेंबर ते 31 मार्च ही वरची वाट स्पेनमधल्या नाव्हार्रा प्रांताचं सरकार बंद ठेवतं. तेव्हा खालून, वालकार्लोसच्या दरीतून जायचं. बंदी मोडली तर दंड होतो, आणि तो योग्यच आहे, कारण शोधायला जाणारेही त्याच बर्फात जातात.

लेपोएदेरवरून उतरायला दोन वाटा आहेत. सरळ जाणारी बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून साडेतीन-चार किलोमीटरमध्ये पावणेपाचशे मीटर खाली आणते. ओल्या पाचोळ्यावर पाय सटकतो, गुडघे थरथरतात. उजवीकडची थोडी लांबून इबान्येता खिंडीत उतरते. पाऊस असेल तर उजवीच घ्यावी. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळायची, नाहीतर पाय बुटात पुढे घसरून नखं काळीनिळी होतात. काठ्या पाच-सात सेंटिमीटरनी लांब करायच्या.

इबान्येता 1057 मीटरवर आहे. उत्तरेला पडलेलं पाणी अटलांटिककडे जातं. दक्षिणेचं उरोबी नदीतून इराती, आरागोन, एब्रो करत भूमध्य समुद्राला मिळतं. इथल्या देवळाची घंटा पूर्वी धुक्यात वाजवत ठेवत, चुकलेल्यांनी आवाजाच्या रोखाने यावं म्हणून.

तिथून दीड-दोन किलोमीटर खाली रोन्सेस्वायेस, इथल्या डोंगराळ भागातल्या बास्क लोकांच्या भाषेत ओर्रेआगा. स्वतंत्र पालिका, क्षेत्र सुमारे 15 चौरस किलोमीटर, वस्ती वीस-तीस माणसांची. आणि यात्रेकरूंच्या धर्मशाळेत खाटा 183! हे व्यस्त प्रमाण समजलं की गाव समजलं. शेती-बाजारासाठी हे वसलेलंच नाही. डोंगर ओलांडून अर्धमेले होऊन येणाऱ्यांसाठी 12व्या शतकात पाम्प्लोनाच्या बिशपने इथे आश्रयस्थान उभारलं, त्याभोवती जे जमलं तेच गाव. तेराव्या शतकातली एक लॅटिन कविता या आश्रयस्थानाचं वर्णन करते: दार सगळ्यांना उघडं, आजारी असो की धडधाकट, कॅथलिक असो, ज्यू असो, पाखंडी असो, नाहीतर नुसता रिकामटेकडा. शेवटचा शब्द वाचून आपल्याला आपल्याकडची अन्नछत्रं आठवतात.

दमलेले लोक अंघोळ करून झोपतात आणि पाहायचं राहून जातं. संध्याकाळच्या प्रार्थनेत यात्रेकरूंना अनेक भाषांतून आशीर्वाद देतात. त्याआधीचा तास गावाला द्यावा. सुरुवात रस्त्याकाठच्या सांक्ती स्पीरितुस या चौकोनी, बुटक्या चॅपेलपासून करावी. हे गावातलं सर्वांत जुनं बांधकाम. त्याखाली खोल खड्डा आहे आणि वाटेत मेलेल्या यात्रेकरूंची हाडं त्यात टाकत. लोक याला फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याचं कोठार म्हणतात. त्याचा सरदार रोलाँ इथे पुरला अशी आख्यायिका आहे.

15 ऑगस्ट 778 ला शार्लमेनचं सैन्य पाम्प्लोनाचा तट पाडून परतत असताना याच डोंगरांत बास्कांनी त्याची पिछाडी कापून काढली, त्यात रोलाँ पडला. तीनशे वर्षांनंतरच्या फ्रेंच वीरकाव्याने मारेकरी बदलून मुसलमान केले आणि युरोपभर तेच पसरलं. मारलं बास्कांनीच.

मोठं चर्च तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं, फ्रेंच गॉथिक घाटाचं, नाव्हार्राचा राजा सांचो सातवा याने बांधवलेलं. छताला जस्ताचे पत्रे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी बाजूच्या अंगणात जावं. तिथल्या मूळ गॉथिक ओवऱ्या 1600 साली बर्फाच्या भाराने कोसळल्या; आताच्या जाडजूड कमानी त्यानंतरच्या. अंगणालगतच्या दालनात सांचोची समाधी आहे. त्याची दगडी मूर्ती सव्वादोन मीटर लांब, आणि राजा खरोखर तेवढा उंच होता असं सांगतात. शेजारच्या साखळ्या 1212 च्या, ख्रिस्ती राजे आणि मुसलमान फौज यांच्यातल्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईतल्या असल्याची परंपरा आहे. त्याच नाव्हार्राच्या राजचिन्हात आल्या.

झोपण्याआधी यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्का घ्यायला विसरू नका. पुढच्या धर्मशाळांत तो पाहिल्याशिवाय खाट मिळत नाही. गावात किराण्याचं दुकान नाही. पहाटे सांतियागो 790 किलोमीटर अशी पाटी ओलांडून सोर्गिनारित्सागा, म्हणजे चेटकिणींच्या ओकवनात शिरायचं. सावलीची, सपाट वाट. तीन किलोमीटरवर बुर्गेते, तिथे पाव आणि चीज घ्या. पुढच्या सुबिरी गावाच्या आधी पुन्हा उतार आहे, दगडी पाट्यांचा, पावसात लेपोएदेरपेक्षाही निसरडा.